पाय मोडलेला ग

"आई, इथे लिहिलंय की सगळं फाइन आहे," माझी लेक म्हणाली, पियानोचं झाकण लावलं आणि खाली खेळायला पळाली.

नऊ वर्षांची होती तेव्हा. पुस्तकातली सोळा बारांची, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या सोळा खणांची, एक धून तिने शेवटपर्यंत वाजवली होती. शेवटच्या बाराखाली बारीक तिरक्या अक्षरांत 'डी. सी. अल' आणि पुढे एफ-आय-एन-ई. वर आठव्या बारापाशीही तीच चार अक्षरं. इंग्रजी शाळेतल्या मुलीने त्यांचा दुसरा काय अर्थ लावायचा? तिच्या वहीत बाई तेच तर लिहायच्या. पुस्तकवाल्यांनीही शाबासकी दिली असेल, असं तिला वाटलं.

शनिवारी कॅम्पातल्या क्लासला गेलो तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फाइन नाय गो, फीने. संपलं." डी. सी. म्हणजे दा कापो, डोक्यापासून. शेवटच्या ओळीवरून पुन्हा वर जायचं आणि जिथे फीने लिहिलंय तिथे हात उचलायचे. म्हणजे धून पानाच्या तळाशी संपतच नव्हती, मध्यावर संपत होती. लेकीला हे अजिबात पटलं नाही. संपायची ओळ मध्ये आणि मधली ओळ शेवटी, असं कोण छापतं?

"आपण छापतो," मी रिक्षात तिला म्हटलं.

घरी आल्यावर देवघरातलं आरतीसंग्रहाचं पुस्तक काढलं. तेलाच्या बोटांनी पानं अर्धी पारदर्शक झालेली. 'सुखकर्ता दुःखहर्ता'चं पहिलं कडवं, मग 'जय देव जय देव, जय मंगलमूर्ती' ही ओळ आणि तिच्या शेवटी उभ्या दंडांच्या मध्ये धृ. पुढच्या कडव्यांनंतर ती ओळ पुन्हा पूर्ण छापलेली नाही. नुसतं 'जय देव' म्हणून सोडून दिलंय. तरी गणपतीत जमलेली पंचवीस माणसं, त्यातली निम्मी पुस्तकात न बघता, बरोबर त्या ओळीवर परत येतात. पाश्चात्त्य पानावर याला दाल सेन्यो म्हणतात, खुणेपासून पुन्हा. त्यांची खूण म्हणजे तिरकी रेघ मारलेला एस आणि दोन बाजूंना दोन टिंबं. आपली खूण धृ. कागद वाचवायचा, शाई वाचवायची आणि उरलेलं म्हणणाऱ्याच्या शहाणपणावर सोडायचं, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

"मग कोडा?" लेकीने विचारलं. कोडा म्हणजे शेपूट. शेवटच्या फेरीत मधूनच उडी मारून ज्या तुकड्यावर जायचं आणि संपवायचं, तो तुकडा.

"घालीन लोटांगण," मी म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं. इतकं बरोबर बसेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या आरत्या संपल्या की कुणीतरी ते सुरू करतं. 'हरे राम हरे राम' येईपर्यंत टाळ्या अशा काही वेगात गेलेल्या असतात की झांजवाल्या पोराचे हात दिसेनासे होतात. आरतीच्या पुस्तकात आच्चेलेरांदो, म्हणजे वेग वाढवत न्या, असं कुणी लिहिलेलं नाही. मग मंत्रपुष्पांजलीला तीच माणसं एकदम संथ होतात, 'यज्ञेन' म्हणताना आवाज खाली उतरतो. लार्गो. तेही कुठे लिहिलेलं नाही. लेकीने त्या वर्षी आरतीच्या पुस्तकात पेन्सिलीने कोडाची खूण काढून ठेवली, वर्तुळावर मोठी फुली. सासूबाईंना वाटलं, कुणीतरी बाप्पावर बंदुकीचा नेम धरलाय.

फीने, कोडा हे सगळे शब्द इटालियन. त्यांच्याशी माझी ओळख मात्र संगीतातून झालेली नव्हती. लेक जन्मायच्या आधी कंपनीच्या कामासाठी तीन महिने तुरीनला राहिले होते. पाच रेघांवरची टिंबं तेव्हा मला काळ्या मुंग्यांइतकीच वाचता यायची. पण शब्द रस्त्यावर भेटत होते. ट्रामच्या थांब्यावर पाटी, फेर्माता. आत बटण दाबलं की दिवा लागायचा, फेर्माता प्रेनोताता, म्हणजे थांबा मागितलाय. बिस्किटाच्या पुड्यावर सेंझा त्सुक्केरो, साखरेशिवाय. बाजारात टोमॅटो मागायचे ते मेद्झो किलो, अर्धा किलो. शाळेजवळ डांबरावर पांढऱ्या रंगात राल्लेंतारे, वेग कमी करा. फोनवर ऐकू आलं नाही की पलीकडचा ओरडायचा, प्यू फोर्ते, अजून जोरात. खानावळीतला पोऱ्या हाक मारली की सूबितो म्हणायचा, म्हणजे ताबडतोब, आणि पंधरा मिनिटं दिसायचा नाही. आपल्याकडच्या 'आलोच' इतकाच तो शब्द विश्वासाचा. मीटिंग भरकटली की आमचे साहेब टेबलावर दोन्ही हात ठेवून म्हणायचे, चला, दा कापो.

त्यामुळे पुढे कितीतरी वर्षांनी लेकीच्या पुस्तकात एका स्वरावर कमान आणि कमानीखाली टिंब, अर्धवट उघडलेल्या डोळ्यासारखी खूण दिसली आणि सर म्हणाले, "हा फर्माटा", तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पावसात भिजणारा ट्रामचा थांबा आला. परीक्षेच्या पुस्तकात त्याचा अर्थ दिलाय, स्वर नेहमीपेक्षा अधिक लांबवणे. किती अधिक, ते दिलेलं नाही. थांब्यावरही ते कळायचं नाहीच. ट्राम येईपर्यंत थांबायचं.

हे शब्द इटालियनच का, याचं कारण फार गूढ नाही. छपाई, पैसा आणि नाटकवेड. व्हेनिसमध्ये ओत्तावियानो पेत्रुची याने 1501 साली अनेक आवाजांच्या रचनांचं पहिलं पुस्तक खिळे जुळवून छापलं. त्याच शतकाच्या अखेरीस ऑपेरा फ्लॉरेन्समध्ये जन्मला आणि युरोपातल्या दरबारांनी इटालियन गवई, वादक, मास्तर पगारावर ठेवले. माणसांबरोबर त्यांची बोली गेली. तिच्या गावात ती भाजीवाल्याची भाषा होती, परगावात ती शास्त्राची झाली. आपल्याला हे नवल वाटायला नको. ख्याल म्हणजे विचार, कल्पना. 'जरा ख्याल करा' असं म्हणणाऱ्याच्या तोंडचा साधा शब्द. आज 'बडा ख्याल' म्हटलं की आपण सावरून बसतो.

पियानो हा शब्द तर मला सगळ्यात गमतीचा वाटतो. त्याचा अर्थ हळू. तुरीनच्या लिफ्टमध्ये पियानो म्हणजे मजला, आणि घाई करणाऱ्याला म्हणायचं पियानो पियानो, सावकाश रे बाबा. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा वाद्यकार होता. 1700 सालच्या त्यांच्या वाद्यांच्या यादीत त्याने बनवलेल्या एका वाद्याची नोंद आहे, हळू आणि जोरात वाजणारं म्हणून. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या दांडीने तार छेडली जायची. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी बसवली आणि बोटाचा राग-लोभ तारेपर्यंत पोचला. वाद्याचं नाव झालं पियानोफोर्ते. लोकांनी बोलता बोलता त्यातलं 'जोरात' टाकून दिलं. सरांच्या क्लासमध्ये सहा-सात मुलं एकापाठोपाठ एक जे वाजवतात ते ऐकलं की वाटतं, चुकीचा अर्धा टाकला.

पानावर त्याचं फक्त एक अक्षर उरतं. एक 'पी' म्हणजे हळू, दोन म्हणजे फार हळू, तीन म्हणजे त्याहून. चायकोव्हस्कीने 1893 च्या आपल्या सहाव्या सिम्फनीत एका ठिकाणी बसून या लाकडी फुंकवाद्याला सहा 'पी' दिले आहेत. ते तिथे इतकं हळू बोलूच शकत नाही, म्हणून बऱ्याचदा ते चार स्वर बास क्लॅरिनेटवाल्याला देतात. सहा का? पाचाने काय बिघडलं असतं? मला त्यात लेकराला निजवून खोलीबाहेर निघालेल्या आईचं ओठांवरचं बोट दिसतं. ती 'शूः' एकदाच म्हणून थांबत नाही.

आमच्या पेटीच्या वहीत यातलं काही नव्हतं. सदाशिव पेठेत एका वाड्याच्या माडीवर मी पेटी शिकले. भातखंड्यांच्या स्वर लिहायच्या पद्धतीने लिहिलेली बंदिश, राग वर, ताल त्याच्या शेजारी, कंसात 'मध्यलय'. आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, यासाठी एकही खूण नाही. तेव्हा याचं काही वाटलं नाही, कारण बाई समोर बसलेल्या असत. त्यांची भुवई वर गेली की भाता हलका करायचा. पाश्चात्त्य पानावर मात्र ती भुवईच लिहावी लागते, कारण रचना करणारा माणूस समोर नसतो. तो बऱ्याचदा दोनशे वर्षांपूर्वी गेलेला असतो, आणि आपल्यामागे लोक काय वाजवतील या काळजीने पान भरून ठेवतो.

काळजी करूनही उपयोग होतोच असं नाही. वेगाचे शब्द घ्या. अल्लेग्रो म्हणजे आनंदी. अंदांते म्हणजे चालता चालता. अदाजिओ म्हणजे निवांत. यात वेग कुठे आहे? हा सगळा स्वभाव झाला. आनंदी माणूस जलद चालत असेल, असं गृहीत धरून अल्लेग्रोला जलद ठरवलं. बीथोव्हनला हे खटकायचं. आनंदाचा आणि गतीचा काय संबंध, कितीदा तर रचनेचा भाव अल्लेग्रोच्या नेमका उलट असतो, असं त्याने 1817 च्या एका पत्रात लिहिलंय. त्याच्या दोनच वर्षं आधी मेल्झेलने मेट्रोनोमचं, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं होतं. बीथोव्हनने उत्साहाने आपल्या सिम्फन्यांना आकडे लावले, मिनिटाला इतके ठोके. झालं काय? आजही निम्मे वादक म्हणतात, हे आकडे फारच जलद आहेत, त्याच्या यंत्रातच बिघाड असणार. म्हणजे शब्द दिला तर म्हणे मोघम, आकडा दिला तर म्हणे घड्याळ बिघडलं.

त्यातून अंदांतीनो हा एक वाद आहेच. अंदांते म्हणजे चालणं, अंदांतीनो म्हणजे छोटंसं चालणं, चालुकलं म्हणा. पण चालणं छोटं झालं म्हणजे जलद झालं की हळू झालं? एके काळी दोन्ही अर्थ चालत होते. आता थोडं जलद असं धरतात. सर म्हणाले, परीक्षेत थोडं जलद लिही, घरी पाहिजे तसं वाजव.

शूमानची गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा ती गादीवर लोळून हसली होती. त्याच्या जी मायनर पियानो सोनाटाच्या पहिल्याच ओळीवर जर्मनमध्ये लिहिलंय, शक्य तितक्या जलद. काही पानांनी सूचना येते, आणखी जलद. आणि त्यापुढे, त्याहूनही जलद. "हे तू लिहिलंयस," लेक म्हणाली. शाळेच्या रिक्षाची वेळ झाली की मी नेमकं याच क्रमाने बोलते.

आपल्याकडे विलंबित, मध्य, द्रुत. विलंबिताच्या दुप्पट मध्य, त्याच्या दुप्पट द्रुत, असं पुस्तकात छान गणित मांडलेलं असतं. पण विलंबित म्हणजे किती, हे विचारायचं नाही. आजच्या मैफिलीत विलंबित एकतालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालू शकतं. बारा मात्रा, आणि दोन मात्रांच्या मध्ये घोटभर चहा पिऊन होईल. शब्द जागेवर आहे, त्याच्या पोटातला वेळ ताणत गेलाय. मला याची तक्रार नाही. उलट त्या तीन शब्दांपुढे कुणी आकडे लावले नाहीत याचं बरंच वाटतं.

आता आत्याची वही.

आत्या मिरजेची. तिथेच पलुस्करांच्या परंपरेतल्या एका मास्तरांकडे तिने लग्नाआधी चार-पाच वर्षं गाणं शिकून घेतलं, आणि पुढे संसारात ते जितकं टिकायचं तितकं टिकलं. ती गेल्यावर तिची वही माझ्याकडे आली. निळ्या शाईतली, पुठ्ठ्याला खळ लावून चिकटवलेली. पहिलीच बंदिश भीमपलासची, तीनतालात. मी पेटी काढली, वही समोर ठेवली आणि वाजवायला लागले. जे काय वाजलं, ते ऐकून नवरा स्वयंपाकघरातून विचारता झाला, की पेटीत उंदीर शिरलाय का.

पहिला निषाद वरच्या सप्तकात, त्यापुढचा षड्ज मधल्या. म्हणजे माडीवरून थेट अंगणात उडी. अंतऱ्यात षड्जाच्या डोक्यावर उभी रेघ. उभी रेघ तर तीव्र मध्यमाची, मग षड्ज तीव्र कसा होईल? गंधार आणि निषाद यांचे पाय मोडलेले, ग्, नि्, जणू पुढचं अक्षर जोडायचं राहिलंय. खाली तालाच्या ओळीत टाळ्यांचे आकडे, पाच आणि तेरा. तीनतालाला तेरावी टाळी? मी मनातल्या मनात आत्याच्या शिक्षणाची कीव केली. मास्तर काय लायकीचे होते कोण जाणे, असंही वाटून गेलं. हे आता लिहिताना लाज वाटते.

माझ्या जुन्या क्लासच्या बाईंना वही दाखवली तेव्हा त्या पाचच सेकंदांत म्हणाल्या, "अगं, तू देवनागरी समजून मोडी वाचत्येस."

आपल्याकडे स्वर लिहायच्या दोन पद्धती रुजल्या, आणि दोन्ही विष्णूंच्याच. विष्णु नारायण भातखंडे 1860 साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. पेशाने वकील. देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या, आणि 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' लिहिली ती मराठीत. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 चे, कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि 5 मे 1901 रोजी थेट लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्याच्या डोळ्यांनी दगा दिला त्याने गाणं कागदावर उतरवायची पद्धत घडवली, या गोष्टीपाशी मी दर वेळी थबकते.

दोघांच्या खुणा शेजारी मांडल्या तर वाटतं, दोघांनी ठरवून एकमेकांची गंमत केली की काय. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पलुस्करांच्यात डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, खालचं. तेच टिंब, तीच जागा, मध्ये दोन सप्तकांचं अंतर. तार दाखवायला पलुस्कर उभी रेघ देतात, जी भातखंड्यांकडे मध्यमाला तीव्र करते. कोमल स्वराला भातखंडे खाली आडवी रेघ मारतात, पलुस्कर त्याचा पाय मोडतात. शून्य भातखंड्यांकडे काल दाखवतं, म्हणजे ताल धरताना जिथे टाळी न देता हात उघडायचा ती जागा. पलुस्करांकडे स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. आणि सगळ्यात वाईट फसवणूक फुलीची. भातखंडे समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, तिरकी फुली देतात. पलुस्कर समेला एक आकडा देतात, बाकीच्या टाळ्यांना त्या त्या मात्रेचा आकडा, आणि कालाला सरळ फुली, अधिकच्या चिन्हासारखी. आत्याच्या घाईच्या अक्षरात सरळ फुली थोडी कललेली होती. बंदिश नवव्या मात्रेपासून उठत होती, कालापासून, तीनतालातल्या कितीतरी बंदिशी उठतात तशी. मी त्या फुलीला सम समजले. मग जिथे गाणं येऊन बसायचं तिथे मी हात उघडत होते, आणि जिथे उघडायचा तिथे टाळी देत होते. आख्खी बंदिश अर्ध्या आवर्तनाने सरकलेली. पण एक मात्राही चुकलेली नव्हती. गंमत अशी की ती तशीही तालात होती, फक्त कुठेच घर सापडत नव्हतं.

चष्मा बदलून वाजवली तेव्हा भीमपलास उतरला. मंद्रातला कोमल निषाद, मग षड्ज, मग पाय मोडका गंधार. मला तो पाय मोडका ग आवडायला लागला. आडवी रेघ स्वराला नुसती सही करते. पाय मोडला की तो खरंच जरा खाली बसतो.

ही वही मी एका शनिवारी सरांकडे घेऊन गेले. लेकीला भीमपलास पियानोवर वाजवायचा होता, हट्टच तो. सरांना देवनागरी स्वरलिपी येत नाही. पण त्यांच्या घरात लिहून घ्यायची रीत जुनी. त्यांचे वडील गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे डो-रे-मी, आणि व्हायोलिन शिकले, तिथून मुंबईला आले आणि सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायला लागले. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या या चर्चच्या शाळांनी जी वाचणारी, लिहिणारी पोरं तयार केली, त्यांच्यावर हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाची एक अख्खी पिढी उभी राहिली. संगीतकार पेटीवर चाल म्हणायचा. त्याला पाच रेघा येत असतीलच असं नाही. शेजारी बसलेला गोंयकार ती तिथल्या तिथे टिपायचा आणि तासाभरात चाळीस वादकांपुढे चाळीस कागद. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबास्टियन डिसूझा होते. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि 1977 साली 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव आख्ख्या देशाच्या तोंडी घातलं.

"सांगा," सर म्हणाले. पेन्सिल कानामागून काढली. मी आत्याच्या वहीतून वाचत गेले, मंद्र नि कोमल, सा, ग कोमल, म. त्यांची पेन्सिल माझ्या तोंडाबरोबर चालत होती, पुढेही जात होती. दहा मिनिटांत भीमपलास पाच रेघांवर बसला. एका ठिकाणी मी मींड म्हटलं, म आणि ग यांच्यामधली. त्यांनी दोन स्वरांवर कमान काढली आणि मान हलवली. "लेगातो लिहितो. पण पियानो घसरत नाय, मॅडम. पायऱ्या उतरतो." लेकीने ते वाजवलं. खरंच, घसरगुंडीला जिना लावल्यासारखं झालं. तरी वाईट नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, वेग काय लिहू? मी म्हटलं, वहीत मध्यलय आहे. ते म्हणाले, म्हणजे अंदांते की मोदेरातो? मी काही बोलले नाही. आत्या कशी चालायची ते आठवत होते. पोळ्या लाटता लाटता ती हेच गुणगुणायची आणि लाटण्याचा ठेका एक, तिचं गाणं त्याच्या थोडं मागे-पुढे. पाश्चात्त्य पानावर याला रुबातो म्हणतात, चोरलेला. एका स्वराचा वेळ चोरायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. शोपँच्या शिष्यांनी सांगून ठेवलंय की डावा हात ताल धरून राहायचा, उजवा मोकळा असायचा. लाटणं आणि गाणं. "रुबातो लिहा," मी म्हटलं, आणि सरांनी भुवया उंचावून लिहिलं.

अंतऱ्याच्या शेवटी, परत फिरायच्या आधी, एका निषादावर आत्याने एक खूण केलेली आहे. इवलासा त्रिकोण, टोक खाली. वहीत ती तीन ठिकाणी आहे, तिन्ही वेळा निषादावरच. पलुस्करांच्या पद्धतीत ती नाही, भातखंड्यांच्या नाही. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या खटका असेल, पण खटक्यासाठी भातखंडे स्वर कंसात घालतात, कंसातला एकटा प म्हणजे धपमप, आणि मास्तर पलुस्करांचे. लेकीचं म्हणणं, तो फर्माटा आहे, आत्याआजीला डोळा नीट काढता आला नसेल. नवरा म्हणतो, पेटीचा भाता भरून घ्यायची आठवण असेल. मला कधी वाटतं, मास्तर तिथे थांबून तिच्याकडे बघायचे, तेवढंच.

"हे काय?" सरांनी पेन्सिलीच्या टोकाने विचारलं.

"माहीत नाही."

त्यांनी क्षणभर वही जवळ धरली, मग आपल्या कागदावर, पाच रेघांच्या वर, त्याच निषादाच्या डोक्यावर तसाच एक इवलासा त्रिकोण काढला. टोक खाली. आणि कागद लेकीपुढे ठेवला.

"इथे काय करू?" तिने विचारलं.

सर म्हणाले, "वाजवत ये तिथपर्यंत. मग बघू."